टिळकांची उत्तर दिशा आणि मध्यरात्रीचा सूर्य

लोकमान्य टिळकांनी उत्तर ध्रुवाच्या आसपासचा प्रदेश कधीच पाहिला नाही. युरोप त्यांनी पाहिला तो चिरोल खटल्यासाठी, १९१८-१९ मध्ये, आणि तोही मुख्यतः लंडन. तोवर ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ प्रसिद्ध होऊन पंधरा वर्षे उलटली होती. तरीही मराठी माणसाच्या मनात उत्तरेच्या टोकाचे जे चित्र आहे, त्यात सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र आणि संपता न संपणारी उषा आहे. ते चित्र फार मोठ्या प्रमाणात या एका ग्रंथाने रेखाटले. ग्रंथ वाचलेले लोक थोडे. पण ‘आर्य उत्तर ध्रुवावरून आले असे टिळक म्हणाले होते’ हे वाक्य ऐकले नाही असा मराठी वाचक विरळा.

या वाक्याची गाठ प्रत्यक्ष भूगोलाशी घालून पाहावी, असे मला अलीकडे वाटू लागले त्याला कारण आमचे नाशिक रोड. इथल्या ज्येष्ठांच्या एका मंडळात मी अधूनमधून इतिहासावर बोलतो. मंडळात प्रेसमधून निवृत्त झालेले बरेच आहेत. ‘प्रेस’ म्हटले की नाशिक रोडला वर्तमानपत्राचा छापखाना कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. प्रेस म्हणजे सिक्युरिटी प्रेस, जिथे तिकिटे छापतात, मुद्रांक छापतात आणि देशाचे पासपोर्टही छापतात. आयुष्यभर दुसऱ्यांचे पासपोर्ट हाताखालून गेलेल्या या मंडळींपैकी काहींनी नॉर्वेची सहल ठरवली, आणि जाण्यापूर्वी ‘काय काय पाहावे’ यावर मी बोलावे असा आग्रह धरला. बोलणे संपल्यावर एका काकांनी विचारले, “टिळकांनी सांगितलेलं ते ठिकाण बसमधून दिसतं का हो?” सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर जरा लांब आहे.

ग्रंथाची जन्मकथा अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. ते येरवड्याच्या तुरुंगात असताना माक्स म्युलर यांनी आपल्या संपादनातील ऋग्वेदाची प्रत त्यांना पाठवली. टिळकांच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जावर सही करणाऱ्यांतही म्युलर होते. ६ सप्टेंबर १८९८ रोजी, मुदतीपूर्वी, टिळक सुटले. तुरुंगात मनात घोळलेला विषय त्यांनी बाहेर आल्यावर लिहून काढला, सिंहगडावरच्या मुक्कामांत तो तपासला, आणि ताईमहाराज प्रकरणाच्या कोर्टकचेऱ्या मागे लागलेल्या असतानाच मार्च १९०३ मध्ये पुण्याहून ग्रंथ बाहेर पडला. त्याआधी दहा वर्षे, १८९३ मध्ये, ‘ओरायन’ आला होता. त्यात नक्षत्रांच्या आधारे वेदांचा काळ मागे नेला होता. ‘आर्क्टिक होम’मध्ये स्थळ उत्तरेला नेले.

टिळक काय म्हणतात? ऋग्वेदातल्या काही ऋचांत पहिली उषा फाकल्यानंतर सूर्य उगवेपर्यंत बरेच दिवस गेल्याचे वर्णन आहे. तैत्तिरीय संहितेत उषा एक नाही, तीस बहिणी आहेत. ‘गवामयन’ हे वार्षिक सत्र दहाच महिन्यांचे कसे? अदितीच्या आठ पुत्रांपैकी सातच देवांकडे का गेले आणि आठवा का टाकला गेला? देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे एक वर्ष, हे कुठून आले? वृत्राने पाणी आणि प्रकाश दोन्ही कोंडून ठेवावे, हे पावसाळी ढगांच्या रूपकात नीट बसत नाही. या सगळ्याला टिळक एकच किल्ली लावतात: हे वर्णन करणाऱ्यांच्या पूर्वजांनी ध्रुवप्रदेशातले वर्ष अनुभवले होते. अमेरिकेतल्या बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम वॉरन यांनी १८८५ मध्ये मानवजातीचा पाळणा उत्तर ध्रुवावर होता असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले होते. टिळकांनी त्याचा आधार घेतला, पण काम वॉरनपेक्षा कितीतरी शिस्तीने केले.

त्या शिस्तीचा एक नमुना आपल्या प्रश्नासाठी फार महत्त्वाचा आहे. टिळकांनी दोन प्रदेश वेगळे केले: प्रत्यक्ष ध्रुव आणि ध्रुवाभोवतीचा प्रदेश. ध्रुवावर सूर्य वर्षातून एकदाच उगवतो आणि एकदाच मावळतो. उगवल्यावर तो डोक्यावर चढत नाही. जात्याचा खुंटा फिरावा तसा क्षितिजाला समांतर फिरत राहतो. उगवण्याआधीची उषा दीड-पावणेदोन महिने टिकते आणि तीही अशीच गोल फिरते. ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात हे असे नाही. तिथे वर्षाचे भाग पडतात: एक लांब रात्र, एक लांब दिवस (दोन्ही सहा महिन्यांहून कमी) आणि मधल्या काळात आपल्यासारखे रोजचे दिवस-रात्र. सूर्याची वाट तिरकी असते. ही दोन कोष्टके मांडून मगच टिळक ऋचांकडे वळतात. लिहिताना ध्रुवावर कुणीही पोहोचलेले नव्हते. १८९३ मध्ये नॉर्वेहून ‘फ्राम’ जहाज घेऊन निघालेला नान्सेन १८९५ च्या एप्रिलमध्ये ८६ अंशांच्या थोडा पुढे जाऊन मागे फिरला होता. म्हणजे पुण्यात बसून गणिताने ध्रुवाचे आकाश मांडणारा माणूस आणि बर्फात चालणारा माणूस, दोघेही त्या बिंदूपासून दूरच होते. गणित मात्र बरोबर होते.

आता आपल्या सहलीची बस जिथे जाते ते ठिकाण पाहू. नॉर्थ केप हा मागेरोया बेटावरचा ३०७ मीटर उंचीचा कडा, अक्षांश ७१ अंश १० मिनिटे. तिथे सूर्य १४ मेच्या सुमारास क्षितिजावर येतो तो २९ जुलैच्या सुमारापर्यंत मावळत नाही. सुमारे अडीच महिन्यांचा एक दिवस. २१ जूनला तिथला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांवर असतो आणि मध्यरात्रीचा साडेचार अंशांवर, तोही उत्तरेला. त्याच दिवशी नाशिक रोडला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, किंचित उत्तरेकडे कललेला, आणि आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास भरतो. म्हणजे नॉर्थ केपचा सूर्य जात्याच्या खुंट्यासारखा फिरत नाही. तो दिवसा चढतो, रात्री उतरतो, फक्त क्षितिजाखाली जात नाही. हिवाळ्यात २० नोव्हेंबरपासून जवळजवळ दोन महिने तो वर येत नाही, पण भर डिसेंबरातही दुपारी क्षितिजाच्या पाच अंशांहून खाली नसतो. त्यामुळे दुपारी काही तास निळसर उजेड असतो, रोज येतो आणि रोज जातो. तीस दिवसांची सलग उषा तिथे नाही. टिळकांच्याच कोष्टकात पाहिले तर नॉर्थ केप दुसऱ्या रकान्यात बसतो. पहिला रकाना तिथून दोन हजार किलोमीटरहून अधिक उत्तरेला, समुद्रात आहे.

काकांच्या प्रश्नाला हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे अधिक रंजक आहे, कारण टिळक लिहीत होते त्या वेळी नॉर्थ केप हे चांगले रुळलेले पर्यटनस्थळ झालेले होते.

कड्याला हे नाव दिले इंग्रज खलाशांनी. १५५३ मध्ये ईशान्येकडून चीनला जायची वाट शोधताना रिचर्ड चॅन्सलरच्या जहाजावरच्या स्टीफन बरोने हे टोक नोंदले. चॅन्सलर मॉस्कोला पोहोचला. त्याच मोहिमेतला प्रमुख ह्यू विलोबी आणि त्याचे साथीदार पुढे कोला किनाऱ्यावर हिवाळ्यात मेले. १६६४ मध्ये राव्हेन्नाचा पाद्री फ्रान्चेस्को नेग्री तिथे पोहोचला, केवळ पाहण्यासाठी. म्हणून त्याला पहिला पर्यटक म्हणतात. पुढे फ्रान्सचा राजा झालेला लुई फिलिप राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९५ मध्ये नाव बदलून आला. १८७३ मध्ये स्वीडन-नॉर्वेचा राजा ऑस्कर दुसरा आला आणि त्याचा स्तंभ वर उभा राहिला. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, थॉमस कुक कंपनीने इथे गटाची सहल काढली. १८९३ मध्ये रिचर्ड विथने ट्रॉन्हाइम ते हामरफेस्ट अशी नियमित बोट सुरू केली. तीच आजची हुर्तिगरूटन. ‘ओरायन’, ‘फ्राम’ आणि ही बोट, तिन्ही एकाच वर्षाची.

थॉमस कुकने मुंबईत कचेरी उघडली १८८१ मध्ये. टिळकांच्या काळात मुंबईच्या कुणा धनिकाने ठरवले असते तर मध्यरात्रीच्या सूर्याचे तिकीट त्याला फोर्टात मिळू शकले असते. समुद्रोल्लंघनाच्या प्रायश्चित्ताचा वाद तेव्हा पुण्यात पेटलेला होता, हे इथे आठवावे. आशियातून कुणीच गेले नाही असेही नाही: सयामचा राजा चुलालाँगकर्ण १९०७ मध्ये नॉर्थ केपला गेला आणि तिथल्या खडकावर त्याची आद्याक्षरे कोरली गेली. आज कड्यावर त्याच्या आठवणीचे छोटेसे थाई संग्रहालय आहे. त्या वेळी गाडीरस्ता नव्हता. जहाज खालच्या हॉर्नविका खाडीत थांबे आणि माणसे चढून वर जात. रस्ता झाला १९५६ मध्ये आणि बेट समुद्राखालच्या बोगद्याने मुख्य भूमीला जोडले गेले १९९९ मध्ये. आपली बस त्याच बोगद्यातून जाते.

प्रेसच्या मंडळींना या इतिहासातला एक तपशील विशेष आवडला. १९३० मध्ये नॉर्वेने नॉर्थ केपचे चित्र असलेली टपाल तिकिटे काढली. त्यांवर मूळ किमतीशिवाय २५ ओरे अधिभार होता आणि ती रक्कम पर्यटनाच्या प्रसारासाठी होती. १५ ओरेच्या तिकिटावर २५ ओरे अधिभार! कडा दाखवून कड्याकडे माणसे आणण्याचा खर्च पत्र पाठवणाऱ्याकडून काढायचा, ही युक्ती मला तरी कौतुकास्पद वाटते. नाशिकच्या प्रेसने टिकिटे छापायला नुकती चार वर्षे झाली होती. १९३१ ची आपली नवी दिल्लीची चित्रमालिका पाहा: जुना किल्ला, स्मारक कमान, कौन्सिल हाउस, व्हाइसरॉयचे घर, सचिवालय. तिकडे निसर्ग विकायला काढला होता, इकडे साम्राज्याची नवी राजधानी.

नॉर्थ केप हे युरोपचे उत्तर टोक, असे सहलीच्या पत्रकांत असते. ते पूर्ण खरे नाही. शेजारचे क्निव्हशेलोडन हे सखल भूशिर त्याच्याहीपेक्षा उत्तरेला, ७१ अंश ११ मिनिटांवर जाते. पण तिथे कडा नाही, चालत जावे लागते आणि चित्र चांगले येत नाही. दोन्ही बेटावरच, मुख्य भूमीचे टोक आणखी वेगळे. प्रेक्षणीय स्थळ भूगोल ठरवत नाही, ते ठरवण्यात जहाजांचा, राजांचा आणि तिकिटांचा हात असतो.

टिळकांच्या सिद्धान्ताचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. हिमयुगाच्या काळाबद्दल तेव्हा मतभेद होते. टिळकांनी अमेरिकन भूशास्त्रज्ञांचा अलीकडचा काळ स्वीकारला आणि ध्रुवप्रदेश त्याआधी सौम्य हवेचा होता असे धरले. पुण्यातूनच त्यांना उत्तर मिळाले: नारायण भवानराव पावगी यांनी १९१५ मध्ये आर्यांचे मूळ घर सप्तसिंधूतच असल्याचे सांगणारा ग्रंथ लिहिला. आज भूशास्त्र टिळकांच्या बाजूने नाही. शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचा. त्या वेळी सगळे स्कँडिनेव्हिया बर्फाच्या जाड थराखाली होते. भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि जनुकशास्त्र यांत काम करणाऱ्या बहुतेकांचा कल काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाकडे आहे. मला तो ग्रंथ आजही मोलाचा वाटतो तो ऋचा वाचण्याच्या पद्धतीसाठी. ‘कवीने अतिशयोक्ती केली’ असे म्हणून पुढे न जाता, कवीने जे पाहिले तेच लिहिले असेल तर काय, हा प्रश्न टिळकांनी शेवटपर्यंत लावून धरला. निष्कर्ष गेला तरी हा प्रश्न विचारण्याची हिंमत उरते.

पण त्या ग्रंथामुळे आपल्या मनातली उत्तर दिशा रिकामी झाली. तिथे उषा आहे, रात्र आहे, कोंडलेले पाणी आहे; माणसे फक्त तिथून निघून गेलेली आहेत. प्रत्यक्षात उत्तर नॉर्वे कधी रिकामा नव्हता. बर्फ मागे हटल्यावर साधारण दहा हजार वर्षांपूर्वीपासून फिनमार्कच्या किनाऱ्यावर शिकारी राहत आले आहेत. आल्टा गावी १९७० च्या दशकात हजारो खोदचित्रे उजेडात आली. १९८५ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रेनडिअर, अस्वले, होड्या, मासेमार, कुंपणात हाकलेले कळप. सर्वांत जुनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची. बर्फाचे ओझे उतरल्यामुळे तिथली जमीन हळूहळू वर येत गेली. खोदचित्रे काढली तेव्हा ती पाण्याच्या काठाजवळ होती. म्हणून जितके वर जावे तितके चित्र जुने. उत्तरेच्या खऱ्या प्राचीन रहिवाशांना भेटायचे असेल तर नॉर्थ केपच्या वाटेवरचे हे आल्टा पाहावे. सहलीत त्यासाठी तासभर मिळतो. मी मंडळींना सांगितले की अर्धा दिवस मागून घ्या.

त्याच आल्टाचे नाव नॉर्वेत आणखी एका कारणाने घेतात. तिथल्या नदीवर वीजप्रकल्पाचे धरण बांधायचे ठरले तेव्हा रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी विरोध केला. १९७९ मध्ये ओस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून सामी तरुणांनी उपोषण केले. धरण शेवटी झालेच, १९८७ मध्ये. पण या आंदोलनाने सामींच्या हक्कांचा प्रश्न टाळता येईना आणि १९८९ मध्ये कारासयोक इथे सामी संसद भरली. नंदुरबारच्या नर्मदाकाठच्या गावांची लढाई याच दशकात उभी राहिली. नॉर्थ केपच्या रस्त्यावर बससमोर रेनडिअरचा कळप आला की सगळे मोबाईल काढतात. हे प्राणी रानटी नाहीत, त्यांना मालक आहेत. उन्हाळी चाऱ्यासाठी ते बेटावर आणलेले असतात.

आणि घरे? या भागात जुनी घरे फारशी दिसत नाहीत, याचे मंडळींना आश्चर्य वाटणार हे मला माहीत होते. १९४४ च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी हिटलरच्या हुकमावरून फिनमार्क पद्धतशीर जाळला. दहा हजारांहून अधिक घरे गेली, पन्नास हजारांच्या आसपास माणसांना बळाने दक्षिणेला हलवले, कित्येकांनी गुहांत आणि गवताच्या झोपड्यांत हिवाळा काढला. नॉर्थ केपच्या अलीकडच्या होनिंग्सवोगमध्ये फक्त चर्च उरले. परतलेले लोक आधी त्यातच राहिले. आज तिथे दिसणारी रंगीत, साधी घरे त्यानंतरच्या उभारणीची आहेत. हामरफेस्टला या उभारणीचे स्वतंत्र संग्रहालय आहे. तिथल्याच १८५४ च्या स्तंभाशीही थांबावे: तिथून काळ्या समुद्रापर्यंत पृथ्वीचा कंस मोजला गेला, आपल्याकडे लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांनी मोजला तसाच.

सहलीच्या पहिल्या चार दिवसांतल्या दक्षिणेकडच्या फ्योर्डांबद्दल फार लिहीत नाही. त्यांची वर्णने मराठीत पुष्कळ आहेत. नाशिक रोडच्या माणसाने फ्लोमची रेल्वे मात्र वेगळ्या नजरेने पाहावी. कसारा-इगतपुरी घाटात चढ ३७ फुटांना एक फूट आणि तेवढ्यासाठी गाडीला बँकर लावावे लागते. मिर्डाल ते फ्लोम या वीस किलोमीटरांत चढ बऱ्याच भागात १८ ला एक आहे, बोगदे वीस, बहुतेक हातांनी खोदलेले. काम १९२० च्या दशकात सुरू होऊन गाडी धावली १९४० मध्ये. आणि लोएनच्या तलावावर बोटीत बसाल तेव्हा समोरच्या रामनेफ्येल डोंगराकडे बघा. १९०५ मध्ये त्याचा कडा पाण्यात कोसळला, लाट उठली, ६१ माणसे गेली. पर्यटकांना फिरवणारी बोट काठापासून आत फेकली गेली. लोक पुन्हा तिथेच राहिले. १९३६ मध्ये पुन्हा तेच, ७४ माणसे. आपल्याकडे ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाडले गेले, त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत भीमाशंकरच्या पावसाळी सहलींत त्या हिरव्या उतारांचे फोटो निघतच असतील.

राहिला प्रश्न कधी जावे याचा. मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवीय प्रकाश एकाच सहलीत दिसत नाहीत, हे अनेकांना पैसे भरल्यावर कळते. सूर्य मावळतच नसेल तर आकाश काळे होणार कधी? प्रकाशासाठी सप्टेंबर ते मार्च. उन्हाळ्यात ध्रुवतारासुद्धा दिसत नाही. नाशिकला तो २० अंशांवर असतो, तिथे ७१ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर, पण उजेडात हरवलेला. सूर्यासाठी जून उत्तम, मात्र कड्यावर धुके येते आणि कित्येकजण मध्यरात्री बारा वाजता पांढऱ्या भिंतीकडे बघत उभे राहतात. समुद्र गोठलेला असेल या कल्पनेने जड बूट घेऊ नयेत. अटलांटिकचा उबदार प्रवाह तिथवर येतो, म्हणून हामरफेस्टचे बंदर भर हिवाळ्यातही खुले असते. त्याच अक्षांशावर ग्रीनलंडमध्ये बर्फाचे राज्य आहे.

हा अंक हाती पडेल तेव्हा तिकडे दिवस झपाट्याने आखडत असतील. २० नोव्हेंबरच्या सुमारास होनिंग्सवोगची मुले दुपारी दक्षिणेच्या डोंगरावर सूर्याची कड शेवटची पाहतील, आणि जानेवारीच्या चौथ्या आठवड्यात ती पुन्हा दिसेल तोवर शाळा, बाजार, मासळीच्या होड्या दिव्यांच्या उजेडात चालू राहतील.